घर आणि घरसामान : ब्रिटनमधील निराश्रित कुटुंबांना मिळालेल्या दानाचा इतिहास (१९४०–२०१३)

१

मराठीत ‘संसार’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. कुटुंबाचे एकत्र जगणे म्हणजे संसार. आणि त्या जगण्याला लागणारी भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, पेट्या-कपाटे हाही संसारच. पुराने किंवा आगीने घर गेले म्हणजे ‘संसार उघड्यावर पडला’ असे म्हणतात, तेव्हा हे दोन्ही अर्थ एकदमच अभिप्रेत असतात. कायद्याची भाषा मात्र असा अभेद मानीत नाही. इंग्लंडच्या कायद्यात जमीन व इमारत ही मालमत्ता एका वर्गात मोडते, आणि हलविता येण्याजोगे सामान दुसऱ्या वर्गात. निवाऱ्याच्या प्रश्नाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनीही बहुधा हीच विभागणी गृहीत धरलेली आढळते. किती घरे पडली आणि किती नवी बांधली याची मोजदाद काळजीपूर्वक होते. परंतु त्या घरांत शिरलेली कुटुंबे पहिल्या रात्री कशावर निजली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

ब्रिटनचा १९४० नंतरचा इतिहास या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष उपयुक्त आहे. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांमुळे तेथे लक्षावधी कुटुंबांचे घरसामान एकाच काळात नष्ट झाले, आणि ते पुन्हा कसे उभारावे याचा विचार शासनाला व समाजाला एकत्रितपणे करावा लागला. पुढील सात दशकांत घरसामान हे कधी दानाचा, कधी हक्काचा, कधी कर्जाचा, आणि अखेर पुन्हा दानाचा विषय झाले. या स्थित्यंतराचा मागोवा घेतला असता एक गोष्ट स्पष्ट होते. दुसऱ्याच्या घरातून आलेली खाट किंवा मेज गरजू कुटुंबाला खरोखरीचे घर उभे करून देऊ शकते. पण त्या दानामागे हक्काचा आधार आहे की नाही, आणि घेणाऱ्याच्या आवडीनिवडीला तेथे स्थान आहे की नाही, यांवर त्याचे मोल अवलंबून राहते.

२

युद्धपूर्व काळातील गरीब कुटुंबाच्या दृष्टीने घरसामान ही सुरक्षित मालमत्ता नव्हती. सामान बहुधा हप्तेबंदीने घेतलेले असे, आणि हप्ते थकले की दुकानदार ते उचलून नेत असे. घरभाडे थकल्यास जप्तीची टांगती तलवार असेच. १९३१ साली बेकारभत्त्यासाठी साधनतपासणीची पद्धत कडक करण्यात आली. तपासनीस घरी येऊन कुटुंबाची मिळकत पाहात, आणि विकण्याजोगे काही आहे काय याकडेही त्यांचे लक्ष असे. कामगारवस्त्यांत या तपासणीविषयीचा रोष पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. साहाय्य हवे असेल तर आधी घरातील चीजवस्तू विकून मोकळे व्हा, असाच या व्यवहाराचा अर्थ लोकांनी घेतला होता. सरकारी मदतीविषयीच्या या संशयाची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय १९४० मधील घटनांचा उलगडा होत नाही.

७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवरील मोठ्या हवाई हल्ल्यांना प्रारंभ झाला आणि मे १९४१ पर्यंत ते चालू राहिले. युद्धपूर्व नियोजनात मृत व जखमी यांची संख्या प्रचंड धरली होती. बेघरांच्या संख्येचा विचार मात्र तोकडा होता. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलट. मृतांची संख्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी राहिली आणि बेघरांची संख्या कितीतरी वाढली. रिचर्ड टिटमस यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ‘प्रॉब्लेम्स ऑफ सोशल पॉलिसी’ या अधिकृत इतिहासात याची सविस्तर चिकित्सा आहे. त्यांच्या हिशेबाप्रमाणे मे १९४१ पर्यंत लंडन विभागातील सुमारे १४ लाख लोक, म्हणजे दर सहा माणसांपैकी एक, केव्हा ना केव्हा बेघर झाले होते.

या लोकांसाठी शाळांमधून उघडलेली विश्रांतिकेंद्रे प्रारंभी जुन्या दरिद्री-साहाय्य कायद्याच्या परंपरेत वाढलेल्या यंत्रणेकडे होती. निराश्रित माणूस काही तासांत आपली सोय पाहून निघून जाईल, आणि केंद्र फार सुखकर केल्यास तो तेथेच ठाण मांडील, ही त्या यंत्रणेची धारणा होती. लोक जात नव्हते, कारण जाण्यासारखे ठिकाण नव्हते. सप्टेंबर १९४० च्या अखेरीस हेन्री विलिंक यांची लंडनमधील बेघरांसाठी विशेष आयुक्त म्हणून नियुक्ती झाली. रिकामी घरे ताब्यात घेऊन त्यांत कुटुंबांना वसविण्याच्या कामाने त्यानंतर वेग घेतला. आणि येथेच घरसामानाचा प्रश्न उघडपणे पुढे आला. अधिग्रहित घराला छप्पर होते, भिंती होत्या. पण खाट नव्हती, चूल पेटवली तरी वर ठेवायला भांडे नव्हते. ज्यांचे सामान ढिगाऱ्यातून वाचले होते त्यांनाही ते लगेच मिळत नसे. नगरपालिका असे सामान शाळा, प्रार्थनागृहे, रिकाम्या इमारती यांत रचून ठेवीत. आणि ते तेथून हलविण्यास वाहनांची व माणसांची टंचाई होती.

३

नुकसानभरपाईचा कायदा मार्च १९४१ मध्ये संमत झाला. त्याचे दोन मुख्य भाग होते. पहिल्यात जमीन व इमारतींची तरतूद होती, तर दुसऱ्यात मालसामानाची. घरसामानासाठी ठराविक मर्यादेपर्यंत विमाहप्ता न भरताही संरक्षण देण्यात आले. परंतु पूर्ण भरपाई सामान्यतः युद्धानंतर मिळावयाची होती. तातडीच्या गरजेपुरती रक्कम साहाय्य मंडळ देत असे. या मंडळाचा पूर्वावतार म्हणजे १९३४ चे बेकारी-साहाय्य मंडळ. साधनतपासणीची कटू आठवण त्याच्या नावाशी जोडलेली होती; तेच आता बाँबग्रस्तांच्या दाराशी खाट-बिछान्याचे पैसे घेऊन उभे राहिले. तपासनीस येणार म्हणजे वस्तू लपवावयाच्या, हा ज्यांचा अनुभव, त्यांना आता गेलेल्या वस्तूंची यादी निःसंकोचपणे सांगावयाची होती. शासन व गरीब नागरिक यांच्या संबंधांत घडत असलेल्या पालटाचे हे एक लहानसे पण बोलके उदाहरण मानावे लागेल.

तथापि पैसे हाती असले तरी बाजारात सामान नव्हते. ब्रिटनला लागणारे बहुतेक लाकूड परदेशांतून येत असे. युद्धामुळे जहाजांची वाहतूक संकटात आली आणि जे लाकूड येई त्यावर युद्धकार्याचा पहिला हक्क होता. नव्या सामानाचे उत्पादन घटले, जुन्याचे भाव भडकले. यावर उपाय म्हणून १९४२ साली व्यापार मंडळाचे अध्यक्ष ह्यू डाल्टन यांनी एक समिती नेमली. गॉर्डन रसेल हे तिचे एक सभासद होते. या समितीच्या मार्गदर्शनाखाली ‘युटिलिटी’ या नावाने ओळखले जाणारे सामान तयार झाले. १९४३ च्या प्रारंभी त्याची सूची प्रसिद्ध झाली. तीत बैठकीची खोली, झोपण्याची खोली, स्वयंपाकघर आणि लहान मुले यांना लागणाऱ्या मोजक्या वस्तू होत्या. प्रत्येक वस्तूचा आकार, लाकूड, जोडणी व किंमत शासनाने ठरवून दिली होती. लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवून केलेले भक्कम जोड आणि नक्षीकामाचा अभाव ही तिची लक्षणे होत.

हे सामान दान नव्हते. ते विकत घ्यावे लागे. परंतु विकत घेण्याची परवानगी पैशावर अवलंबून नव्हती, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. नवविवाहित जोडपी आणि बाँबहल्ल्यात सामान गमावलेली कुटुंबे यांनाच मुख्यतः त्याची कूपने मिळत. कूपनांची संख्या प्रारंभी ६० होती. पुरवठा अपुरा पडताच ती ३० वर आणण्यात आली. श्रीमंताला केवळ श्रीमंत म्हणून नवे कपाट घेता येत नव्हते. घरसामान ही गरजेच्या क्रमाने वाटावयाची वस्तू आहे, हे तत्त्व ब्रिटिश शासनाने इतक्या स्पष्टपणे मान्य केल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. या सामानावर कुरकूरही पुष्कळ झाली. सर्वांच्या घरी एकसारख्या खुर्च्या असाव्यात हे अनेकांना रुचले नाही. शासनाने टिकाऊपणाची हमी दिली होती. आवडीला वाव दिला नव्हता.

४

जून १९४४ मध्ये उडत्या बाँबचे आणि सप्टेंबरपासून अग्निबाणांचे हल्ले सुरू झाले. लंडन व आसपासच्या भागांत घरांचा पुन्हा मोठा संहार झाला. चार-पाच वर्षांच्या टंचाईनंतर आता ना दुकानांत सामान होते, ना कोठारांत. या वेळी देशातील स्त्रियांच्या एका संघटनेने जे कार्य हाती घेतले ते प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

‘विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस’ ही संस्था १९३८ साली लेडी रीडिंग यांनी स्थापन केली होती. हिंदुस्थानचे एके काळचे व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या त्या पत्नी. १९३५ मध्ये त्यांना वैधव्य आले होते. युद्धाच्या ऐन काळात संस्थेच्या सभासद स्त्रियांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. मुलांचे स्थलांतर, फिरती भोजनगृहे, कपड्यांचे वाटप अशी अनेक कामे ती करीत होती. कॅनडातील स्त्रियांनी शिवून रेडक्रॉसमार्फत पाठविलेल्या गोधड्या तिच्याच हातून बाँबग्रस्तांना मिळत. कपड्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या या गोधड्यांपैकी काही पुढे त्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे जपल्या, आणि आज त्या संग्रहालयांतही पाहावयास मिळतात.

अग्निबाणांच्या काळात संस्थेने पुनर्वसनासाठी घरसामानाची योजना आखली. ज्या परगण्यांना बाँबहल्ल्यांची झळ तुलनेने कमी लागली होती, त्यांनी लंडनमधील एकेका ग्रस्त विभागाचे जणू पालकत्व घ्यावयाचे, आणि आपल्या घरांतील चालू वापराच्या वस्तू तेथील कुटुंबांसाठी पाठवावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. खुर्च्या, मेजे, पलंग, सतरंज्या, पडदे, कपबशा, किटल्या अशा वस्तू गोळा करून त्या त्या विभागात पोचविल्या जात.

या दानाचे वैशिष्ट्य समजून घेण्यासाठी युटिलिटीच्या नियमाकडे पुन्हा पाहावयास हवे. देणाऱ्या कुटुंबाला नवे सामान विकत घेण्याची मुभा नव्हती. आपल्या घरातील एक खुर्ची दिली, तर युद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतरही ती जागा रिकामीच राहणार, हे त्या गृहिणीला ठाऊक होते. म्हणजे हे दान विपुलतेतून आलेले नव्हते. दात्याच्या घरात त्याची उणीव दिसत राहणार होती. घेणाऱ्यालाही याची जाणीव होती. जी आपत्ती आज आपल्यावर आली ती काल दुसऱ्यावर आली होती आणि उद्या तिसऱ्यावर येईल, अशा काळात घेणे हे लाजेचे कारण उरत नाही. शिवाय या दानामागे नुकसानभरपाईचा कायदेशीर हक्क उभा होता. दान हे हक्काच्या जागी आलेले नव्हते. हक्क हाती पडेपर्यंतचा काळ त्याने सुसह्य केला. अशा तिहेरी परिस्थितीत दानाची वस्तू घरात सामावून जाते, परकी राहात नाही.

अर्थात या चित्राला अतिरंजित करण्याचे कारण नाही. जुन्या वस्तूंत मोडकेतोडकेही येणारच. वाटपाच्या वेळी कोणाला काय मिळावे हे ठरविणारी स्त्री बहुधा मध्यमवर्गीय आणि घेणारी कामगारवर्गीय असे. वर्गभेदाचा काच युद्धाने नाहीसा केला नव्हता. परंतु तो सैल केला होता, एवढे म्हणता येईल.

५

युद्धोत्तर काळात दानाची जागा हक्काने घ्यावी, अशी दिशा स्वीकारण्यात आली. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १,५६,००० तात्पुरती तयार घरे उभारली गेली. त्यांत भिंतीतील कपाटे, चूल आणि शीतकपाटही बसविलेले असे. घर देताना घराची मूलभूत सामग्री त्यातच द्यावी, हा विचार येथे प्रत्यक्षात आलेला दिसतो. दुर्दैवाने पुढील कायमच्या सार्वजनिक घरांच्या बाबतीत तो चालू राहिला नाही. नगरपालिकांची घरे सामान्यतः रिकामी, फरशी उघडी अशीच भाड्याने दिली जाऊ लागली. जून १९४८ मध्ये सामानावरील नियंत्रित वाटप संपले, आणि १९५२ मध्ये युटिलिटी योजनाही समाप्त झाली.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय साहाय्य कायदा अंमलात आला आणि शतकानुशतके चालत आलेल्या दरिद्री-साहाय्य कायद्याचा शेवट झाला. नव्या मंडळाला साप्ताहिक भत्त्याखेरीज विशेष गरजांसाठी एकरकमी साहाय्य देता येत असे. खाट, बिछाना, चूल या त्या गरजांत मोडत. १९६६ नंतर हे काम पूरक भत्ते आयोगाकडे आले. टिटमस हे पुढे या आयोगाचे उपाध्यक्ष झाले. बाँबग्रस्तांच्या विश्रांतिकेंद्रांचा इतिहास लिहिणारा अभ्यासक अशा रीतीने खाट-बिछान्याचे अर्ज निकालात काढणाऱ्या आयोगावर जाऊन बसला. याच काळात, १९७० साली, त्यांचा रक्तदानाविषयीचा ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाला दिलेले दान समाजाची वीण घट्ट करते, आणि सार्वजनिक संस्था योग्य रीतीने रचल्या तरच असे दान शक्य होते, हे त्यातील प्रतिपादन. म्हणजे टिटमस यांच्या दृष्टीने दान व शासकीय हक्क हे परस्परांचे वैरी नव्हते. हक्काची चौकट ही दानाची पूर्वअट होती.

१९७७ च्या कायद्याने बेघर कुटुंबांना घर देण्याचे दायित्व स्थानिक संस्थांवर टाकले. त्यामुळे रिकाम्या घरांत रिकाम्या हाताने प्रवेश करणारी कुटुंबे वाढली. १९८० मध्ये एकरकमी साहाय्याचे नियम विधिबद्ध झाले आणि अत्यावश्यक सामानावरील हक्क लेखी स्वरूपात आला. परंतु बेकारी वाढत होती, आणि हक्क लेखी असल्यामुळे मागण्याही झपाट्याने वाढल्या. खर्चाच्या कारणास्तव एप्रिल १९८८ पासून ‘सोशल फंड’ नावाची नवी व्यवस्था आली. तिचा निधी मर्यादित होता आणि निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविला होता. काही अर्जदारांना अनुदान मिळे; इतरांना बिनव्याजी कर्ज. ते पुढील भत्त्यांतून दर आठवड्याला कापून घेतले जाई. १९३० च्या दशकातील हप्तेबंदी जणू शासनाच्या हातून परत आली.

६

याच दशकात दान घेतलेल्या सामानाचे प्रकल्प ब्रिटनच्या शहराशहरांत वाढीस लागले, हा योगायोग नव्हे. लिव्हरपूल येथील ‘फर्निचर रिसोर्स सेंटर’ १९८८ मध्ये स्थापन झाले. फ्रान्समध्ये १९४९ साली आबे पिएर यांनी सुरू केलेल्या ‘एमाउस’ चळवळीचे पहिले ब्रिटिश केंद्र १९९२ साली केंब्रिजजवळ निघाले. तेथे पूर्वी बेघर असलेली माणसे एकत्र राहून जुने सामान गोळा करतात, दुरुस्त करतात व विकतात. या प्रकल्पांची कार्यपद्धती साधारणतः सारखी असते. दाता कळवितो, दोन माणसे गाडी घेऊन जातात, वस्तू पारखून घेतात, कोठारात दुरुस्ती होते. समाजसेवक, नगरपालिका किंवा स्त्रियांचे आश्रयगृह यांच्या चिठ्ठीवर कुटुंब तेथे येते आणि वस्तू निवडते. कित्येक ठिकाणी अल्पशी किंमत आकारतात.

युद्धकाळातील दान आणि हे दान यांत मूलभूत फरक आहे. आता टंचाई नव्हती, विपुलता होती. दात्याने नवा कोच घेतलेला असतो, म्हणूनच तो जुना देतो. दानाची वस्तू आता त्याच्या घरात उणीव ठेवून जात नाही. उलट अडचण दूर करते. परोपकार आणि विल्हेवाट यांच्यातील सीमारेषा त्यामुळे पुसट झाली. अग्निसुरक्षेच्या नियमांनी ही गोष्ट उघड केली. १९७९ मध्ये मँचेस्टरमधील एका दुकानास लागलेल्या आगीत दहा माणसे दगावली. गाद्यांतील कृत्रिम फेसाच्या विषारी धुराचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. १९८८ चे नियम १९९३ पासून जुन्या सामानाच्या विक्रीलाही लागू झाले, आणि सुरक्षिततेची चिठ्ठी नसलेले कोच या संस्थांना नाकारावे लागू लागले. १९५० पूर्वीच्या सामानाला मात्र या नियमांतून सूट आहे, कारण त्यात असा फेस नसतो. युद्धकाळातील खुर्ची अर्धशतकानंतरही निर्वेधपणे देता येत होती. दहा वर्षांचा कोच देता येत नव्हता.

या संस्थांचे खरे कार्य येथे दृष्टीस पडते. टाकाऊ आणि देण्याजोगे यांतील निवड करणे, आणि घेणाऱ्याला निवडीचा अधिकार परत देणे, ही ती दोन कार्ये होत. कोठारातील चार मेजांपैकी एक बोट दाखवून ‘हे हवे’ म्हणणाऱ्या स्त्रीच्या घरी ते मेज येते, तेव्हा तिने ते आणलेले असते; केवळ तिला मिळालेले नसते. नाममात्र किंमत आकारण्यामागेही हाच विचार आहे. लिव्हरपूलची संस्था तर याही पुढे गेली. गरिबांनी नेहमी इतरांचे वापरलेलेच का घ्यावे, असा प्रश्न उपस्थित करून ती नव्या सामानाचा पुरवठा करण्याकडे वळली. दानशील संस्थेनेच दानाच्या मर्यादेवर बोट ठेवावे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

एप्रिल २०१३ मध्ये सोशल फंडातील अनुदाने बंद झाली. स्कॉटलंड व वेल्स यांनी आपापले राष्ट्रीय निधी उभारले. इंग्लंडमध्ये हे काम स्थानिक संस्थांवर सोडण्यात आले. अनेक नगरपालिकांनी रोख रकमेऐवजी प्रत्यक्ष वस्तू देण्याचा मार्ग पत्करला, आणि त्या वस्तू पुष्कळदा स्थानिक धर्मादाय प्रकल्पांतूनच येऊ लागल्या. हक्क हाती येईपर्यंत आधार देणारे १९४४ चे दान आता हक्काच्या जागी उभे राहिले.

७

या सात दशकांच्या इतिहासावरून घरसामानाच्या दानाविषयी दोन टोकांची मते टाळावयास हवीत. दान म्हणजे केवळ अपमान, हे मत युद्धकाळातील परगण्यांनी पाठविलेल्या खुर्च्यांनी आणि कॅनडाच्या गोधड्यांनी खोटे ठरविले आहे. दान असले की हक्काची गरज नाही, हे मत १९८८ नंतरच्या घडामोडींनी तितकेच अग्राह्य ठरविले आहे. युटिलिटी योजनेने गरजेला अग्रक्रम दिला पण निवड दिली नाही. आजच्या प्रकल्पांनी निवड दिली, पण त्यांच्यामागील हक्क क्षीण झाला. दोन्ही एकत्र आले ते काही अंशी १९४४–४५ च्या थोड्या काळात, आणि तेही आपत्तीच्या दडपणाखाली.

निवाऱ्याच्या धोरणाचा अभ्यास करणाऱ्यांनी म्हणूनच उंबरठ्याशी थांबून चालणार नाही. घराची किल्ली हाती पडली त्या दिवशी शासनाची नोंदवही बंद होते. कुटुंबाचा प्रश्न मात्र त्या संध्याकाळी सुरू होतो. रिकाम्या खोलीत जमिनीवर निजणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ते घर अजून मिळालेलेच नसते. दारात खाट येते, ती कोठे ठेवावयाची यावर घरात बोलणे होते, आणि संसार या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे पुन्हा एकत्र येतात.